पॅरिसवाल्यांचा तिसरा अंक

कधी न पाहिलेल्या पॅरिसमधल्या एका मेलेल्या नाटककाराचा संसार स्वतःच्या अंगावर ओढून घेणारा माणूस उभ्या नागपुरात एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा काका निघाला. काकाजी तार ऑफिसातून निवृत्त झालेले. दूरच्या माणसांचा मजकूर कान लावून उतरवून घेण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे पुढे जे झालं त्याचं त्यांना स्वतःला कधीच नवल वाटलं नाही. सदर बाजारातल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांना त्या फ्रेंच माणसाच्या हलक्याफुलक्या नाटकांचा इंग्रजी गठ्ठा मिळाला आणि प्रस्तावनेसकट तो त्यांना तोंडपाठ झाला. त्यात त्या नाटककाराची सगळी कहाणी होती: आधी वकिलाकडे कारकुनी, पहिलं नाटक असं पडलं की लोक दुसऱ्या अंकालाच उठून गेले, मग तीस वर्षं लपणारे नवरे आणि अवेळी टपकणाऱ्या सासवा दाखवून सगळ्या गावाला हसवलं, आणि अखेर शेवटच्या नाटकाचा तिसरा अंक लिहिता लिहिता टेबलावरच मान टाकली. मूलबाळ नाही. जवळच्या खापा गावातल्या मावसभावाबद्दल बोलावं तसं काकाजी हे सांगत, आणि त्याचं नाव न घेता 'पॅरिसवाले' म्हणत.

त्यांनी या नाटकांना मराठी कपडे चढवले. मूळ नाटकातला नवरा कपाटात लपे, काकाजींचा ज्वारीच्या कोठीत. हौशी मंडळींच्या तालमीला पहिल्या रांगेतली एक खुर्ची पॅरिसवाल्यांसाठी रिकामी असे. एकदा त्यांच्या जुन्या ऑफिसातले बडे साहेब तिच्यावर बसले, तर काकाजींनी त्यांना दंडाला धरून उठवलं. "उठा साहेब, त्यायले दिसून नाही राहिलं." साहेब उठले. गंमत म्हणजे हसले नाहीत. नंतर मला म्हणाले, खुर्ची गरम होती हो, मी बसायच्या आधीच.

पण खरा घोळ सर्वपित्रीला झाला. ज्याचं कोणी नाही त्याला त्या दिवशी पान वाढतात, म्हणून काकाजींनी पितरांच्या पानांशेजारी फ्रेंच माणसाचं पान ठेवलं. भर दुपारी गच्चीवर आम्ही उभे. कावळ्यांनी बाकीची पानं फस्त केली आणि या एका पानाभोवती गोल करून बसले, चोच लावीनात. मला हसू येत होतं, मानेवर काटाही येत होता. काकाजींनी हात जोडले. "तुमचा तिसरा अंक मी पुरा करतो." एक कावळा पुढे झाला आणि सरळ वड्यावर तुटून पडला.

त्या दिवसापासून ते रोज दुपारी टेबलाशी बसू लागले. एकदा मे महिन्यात, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, मी गेलो तर आतून हसणं येत होतं. एक काकाजींचं. दुसरं त्याच्या किंचित मागून येणारं, घोगरं. दार लोटलं तर काकाजी एकटेच.

"काहून असे पाहून राहिले, जावईबापू?" त्यांनी विचारलं. "विनोद ऐकला नाही का?"

काकूंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. त्यांचा चेहरा उतरला होता. काकाजींना तेव्हा छातीचा त्रास सुरू झाला होता. "त्या पॅरिसवाल्या साहेबानं तिसरा अंक लिहितालिहिता जीव सोडला ना? हे पुरा करतीन आन् हेही जातीन. मी पुरा होऊच नाही देणार."

आणि त्या माउलीने खरंच होऊ दिला नाही. संध्याकाळी काकाजी फिरायला गेले की ती शेवटचं पान उचलून कोठीत टाकायची. मला वाटलं, घर डोक्यावर घेतील. छे! काकाजी खूश. "त्यायले पसंत नाही पडलं, घेऊन गेले. बरोबर हाये त्यायचं, शेवट फिकाच होता." दुसऱ्या दुपारी नवा शेवट. अशी चार वर्षं गेली आणि त्यांची छातीही निमूट राहिली.

मग काकूच गेल्या, दोन दिवसांच्या तापात. जाण्याआधी त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात कोंबली. "आता पान तुम्ही उचलजा."

तेरावं झालं आणि काकाजी पुन्हा टेबलाशी बसले. ते फिरायला गेल्यावर मी चोरासारखा आत शिरलो. शेवटचं पान टेबलावर नव्हतं. वाटलं, बिचाऱ्यांना आज सुचलं नसेल. एवढ्यात ते परतले, टेबलाकडे नजर टाकली आणि काकू गेल्यापासून पहिल्यांदा त्यांचा चेहरा फुलला.

"आजही नेलं! शाई वाळत ठेवून गेलो होतो मी."

मी कोठी उघडून पाहिली. आत फक्त काकूंनी टाकलेली पानं होती, ज्वारीच्या धुळीने माखलेली. त्या दिवसाचं पान त्यात नव्हतं.

मला घाबरायला हवं होतं. पण खरं सांगतो, त्या घरात काकाजी एकटे नाहीत याचंच बरं वाटलं. पुढे सहा वर्षं ते जगले, रोज दुपारी शेवट लिहीत, रोज तो नाहीसा झाल्यावर आनंदाने मला सांगत. किल्ली माझ्या खिशात होती, पण त्या सहा वर्षांत मी एकाही पानाला हात लावला नाही.