गोवर गेला, देवी आल्या

मुलीला गोवर झाला तेव्हा ती दोन वर्षांची होती. गोवर मावळला, पण पोरीची नुसती हाडं राहिली. कातडीचा कोंडा निघत होता, हगवण थांबत नव्हती. त्यातच बालाघाटात आमच्या गल्लीच्या टोकाला देवी निघाल्या. आधी एक तान्हं मूल गेलं, मग त्याची आई. माझ्या मुलीला देवीची लस टोचलेली नव्हती. टोचणारा दारावर आला तर सासू उंबऱ्यात बसली.

"मातामायचं पाणी पडलं नाही अजून. घरात सुई चालत नाही."

आमच्यात गोवर असो की देवी, दोन्ही माताच. ती गेली की लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं अंघोळ घालायची, मातामायच्या ओट्यावर दहीभात न्यायचा. तोवर सुई नाही, फोडणी नाही. आणि हे पाणी मंगळवारीच पडायचं. मंगळवार कालच होऊन गेला होता. हगवणीपायी अंघोळ राहिली होती.

मी सासूला म्हणाले, "मामीजी, येत्या मंगळवारपर्यंत पोरगी राहीन का?"

"तिले येऊन गेली ना माता. लगेच दुसऱ्यांदा काहून येईन?"

"तो गोवर होता. गल्लीतली दुसरी आहे."

"हौ, तूच मोठी डॉक्टरीण."

टोचणारा निघून गेला. सासू नदीवर गेल्यावर मी पोरीला लुगड्यात गुंडाळलं आणि सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरनं तिचे दंड चाचपले.

"बहुत कमजोर है. वैसे तो मैं रुकने को बोलता. बदन भर जाए, तब लगाते. लेकिन गल्ली में माता है तो आज ही लगाओ."

"सुईनंच मेली तं?"

"सुई से बुखार आएगा. माता आई तो यह बचेगी नहीं."

मी तिचा हात धरून ठेवला. तिच्यात रडायचीही ताकद नव्हती.

पुढच्या आठवड्यात दंडावर फोड उठला आणि ताप चढला. लसीचा की देवीचा, कोण सांगणार? मी तिला दारातल्या उजेडात उघडी करायचे आणि तळवे, टाळू, कानामागं सगळं बघायचे. झाकायचे, परत उघडायचे. दंडावरचा फोड बघून सासूला सुईचं कळलंच. म्हणाली, "झालं समाधान?" एक पुरळ जरी दिसला असता, तर पोरीला मीच मारलं असं ठरलं असतं.

पुरळ आला नाही. ताप उतरला, पोरीनं पेज मागितली.

तापापायी एक मंगळवार हुकला होता; त्यानंतरच्या मंगळवारी सासूनं पाणी घातलं, दहीभात नेला, आणि मातेनं सुनेला माफ केलं असं गल्लीभर सांगितलं. मी सांगू दिलं. मला पोर पाहिजे होती, ती मिळाली.