एक दिवसाआड

आजाऱ्याला भेटायला येणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे. आमचं गाव कडेगावच्या अलीकडे. तिथे एकाच वर्षात माझ्या वडिलांना आणि त्यांच्या थोरल्या भावाला, म्हणजे तात्यांना, फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला आणि ही मंडळी मोटारसायकलींवरून जोडीजोडीने यायला लागली. चहा प्यायची, पपईच्या पानांचा रस सुचवायची, कुणाच्या तरी मेहुण्याला झाडपाल्याने कसा गुण आला ते रंगवून सांगायची. मी सांगलीला एका प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशींवरच काम करते. पण माझं मत काय, हे त्यांच्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. विचारलं असतं तरी मी त्यांच्यावर शब्द खर्च केले नसते.

घरातल्या एकाने मात्र विचारलं होतं. तात्या फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. आजारपण निघण्याच्या थोडं आधी, एका रविवारी सोप्यात आरसा टेकवून ते दाढी करत होते. मध्येच म्हणाले, "आगं, तू तितं काम करतीस म्हंजी नेमकं काय करतीस? आमाला तरी सांग."

मी मोबाइलमधून मान वर काढली नाही. "पेशींवर औषधं टाकते, तात्या. तुम्हाला नाही कळायचं."

"व्हय, आमाला कसलं कळतंय," ते म्हणाले आणि राहिलेला गाल घासायला लागले.

मी करत होते ते असं. प्रत्येक पेशीत जनुकांचा पूर्ण संच असतो, पण सगळी जनुकं एका वेळी चालू नसतात. कुठलं चालू ठेवायचं आणि कुठलं बंद, हे पेशीत गरजेप्रमाणे ठरतं. कॅन्सरच्या पेशींवर औषध टाकलं की बहुतेक मरतात. थोड्या मात्र नेहमीची जनुकं बंद करतात, एरवी झोपलेली जागी करतात आणि निपचित पडून राहतात. त्यांना काही दिवस औषध, काही दिवस नुसतं खाद्य, असं आळीपाळीने महिनोन्महिने दिलं की हळूहळू त्यांना औषधाचं काहीच वाटेनासं होतं. अशा मुजोर पेशी मुद्दाम तयार करायच्या आणि त्यांच्यातली कुठली जनुकं जागी झाली ते मोजायचं, हे माझं काम. या कामापुढे गावातल्या गप्पा मला फार क्षुद्र वाटायच्या.

तात्यांच्या गाठीच्या तपासणीत एका जनुकात बदल सापडला. नेमक्या त्याच बदलावर लागू पडणारी एक गोळी होती. रोज एक, न चुकवता. लष्करी दवाखान्यातून त्यांना महिन्याच्या तीस मिळायच्या. दोन महिन्यांत तात्या उसाच्या बांधावरून फिरायला लागले. वडिलांच्या गाठीत तो बदल नव्हता. त्यांच्या नशिबी सलाईन, उलट्या, गेलेले केस. जेवणावरची वासनाच उडाली होती. मला त्यांची कीवही येत नव्हती. जन्मभर विड्या ओढल्यात, आता भोगा, असं मी मनात म्हणायचे. एकदा तोंडावरही म्हणाले.

तात्यांच्या खोलीत भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावर तारखांच्या कोपऱ्यात पेनाने 'थो' आणि 'धा' लिहिलेलं असायचं, एक दिवसाआड. ही अक्षरं मी लहानपणापासून पाहत आले होते. विहीर दोघा भावांत सामाईक, म्हणून एक दिवस थोरल्याची मोटार चालणार, एक दिवस धाकट्याची. या पाळीवरून दोघांनी वर्षभर अबोला धरला होता. दोघे मरायला टेकले तरी पाण्याची ओढाताण सुटत नाही, म्हणून मी नाक मुरडलं. शेतात योजनेचं पाणी येऊन किती वर्षं झाली, विहिरीवर आता पाळी उरलेलीच नाही, हे माझ्या हुशार डोक्यात आलं नाही.

सहा-सात महिन्यांनी तात्यांचा खोकला परतला. सांगलीला स्कॅन केला. गाठ पहिल्यापेक्षा मोठी. डॉक्टरांनी विचारलं, गोळी रोज घेता ना?

तात्या खुर्चीत ताठ बसले. "न्हाई साहेब. एक दिस मी, एक दिस धाकटा. एका आईच्या पोटचं आमी, रोग बी एकच. मग एकट्यानंच कसं बरं व्हायचं?"

डॉक्टर म्हणाले, ही गोळी कधी ना कधी हरतेच, कदाचित रोज घेऊनही हरली असती. पण हे बोलताना ते तात्यांकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

परतताना गाडी मी चालवत होते. तात्या शेजारी, वडील मागे. कुंडल येईपर्यंत मी तोंडाचा पट्टा सोडला होता. अडाणी, मूर्ख, जे सुचेल ते बोलले. तो बदल आईकडून येत नाही, फक्त त्या गाठीत असतो. वडिलांना त्या गोळीचा काडीचा उपयोग नव्हता आणि तुम्ही स्वतःची निम्मी घालवलीत.

"मी नगं म्हणत हुतो," मागून वडील पुटपुटले.

"आणि असं आड दिवसानं औषध दिलं की पेशी सरावतात!" मी ओरडले. "आम्ही तिथे मुद्दाम असंच करतो, त्यांना मुजोर करायला..."

मी गाडीचा वेग कमी केला.

"कसं ते? नीट सांग," तात्या म्हणाले.

मी सांगितलं. जनुकं बंद होणं, जागी होणं, उरलेल्यांनी दबा धरणं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तात्या लक्ष देऊन ऐकत होते.

"तणनाशकावानी म्हण की," ते म्हणाले. "निम्मंच मारलं की कवळं तण जळतंय, चिवट तेवढं ऱ्हातंय. फुडं सगळ्या रानात त्येच."

इतकं नेमकं मला आमच्या सादरीकरणातही कधी मांडता आलं नव्हतं. गावातल्या त्या भुक्कड माणसांना मी जितकं हिणवलं, त्याच्या दसपटीने मला माझी किळस आली.

तात्या बाहेरच्या उसाकडून माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता. त्या रविवारी दाढी करताना होता, तसाच साधा आवाज.

"येवढंच हुतं व्हय? मग तवाच का न्हाई सांगितलंस? मी इचारलं हुतं की."