पाच पंच आणि एक सुपारी

फुटबॉलच्या सामन्यात मुख्य पंच एकच असतो, ही गोष्ट आमच्या गावाला आजही मान्य नाही.

मी आठवीत शाळा सोडली (गुरुजींच्या मते शाळा सुटली!) आणि पोटासाठी थेट गोव्याला गेलो. तिथे एका मैदानावर गवत कापायचं आणि चुन्याच्या रेषा मारायच्या, हे माझं काम. तिथले पंच भले लोक. चहा पिता पिता त्यांनी मला सगळे नियम शिकवले. त्यांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. किन्हवलीजवळच्या आमच्या गावात मात्र बातमी पोचली ती अशी : "पोरगा गोव्याला फुटबॉलमदी मोठा सायेब हाय!" मी रजेवर आलो, तोवर सामना ठरलेला. बक्षीस एक बोकड, आणि पंच मी!

समोरचा संघ मुरबाडकडच्या एका गावाचा. त्याच गावातली मुलगी मला सांगून आलेली, आणि ती मला इतकी आवडलेली की जेवण जात नव्हतं. सामना संपला की संध्याकाळी आमच्या ओटीवर सुपारी फुटायची होती. मुलीचा बाप बांधावर बसलेला आणि भाऊ विकास त्यांच्या गोलात उभा. त्यांच्याविरुद्ध निर्णय दिला तर बायको गेली, आमच्याविरुद्ध दिला तर गाव गेलं. बाकी काळजी करण्यासारखं काही नव्हतं!

भात कापून मोकळं झालेलं शेत, बांबूचे गोल. मी शिट्टी तोंडाला लावतो तोच धोतर सावरत माझे काका आत आले. मागे आणखी तीन म्हातारे.

"काका, तुमी कुटं?"

"पंच ना आमी!"

"अहो, पंच मी आहे."

"तू एकटा? अरे येड्या, पंच म्हंजे पाच! एकाला कुटं पंच बोलतात? बापजन्मात ऐकलं नाय!"

शब्दाचा अर्थ बिनचूक होता, त्यामुळे मी खेळ सुरू केला. चौघे मैदानाच्या मधोमध तंबाखू मळत बसले. खेळाडू त्यांना वळसा घालून खेळू लागले.

शेवटाकडे आमच्या एका गड्याने त्यांच्या गोलावर सणसणीत फटका मारला. चेंडू जात होता बांधापलीकडे. पण वाटेत मी होतो. अचूक सांगायचं तर, माझी मागची बाजू होती. चेंडू तिच्यावर आदळला, वळला आणि विकासच्या बगलेखालून गोलात! गाव नाचायला लागलं. माझे बाबा तर ढोलावरच चढले.

मी शिट्टी मारली. "गोल नाही! पंचाला लागून चेंडू आत गेला तर खेळ थांबतो. चेंडू गोलकीपरपुढे टाकून पुन्हा सुरू करायचा."

"कोनत्या पंचाला लागला?" काकांनी विचारलं.

"मला."

"मंग आमाला चौघांना कुटं लागलाय? गोल!" चार विरुद्ध एक, ठराव मंजूर.

बाबा ढोलावरून ओरडले, "लाज नाय वाटत? बायकोसाठी बापाला बुडवतोस!"

पलीकडून विकास दात काढत म्हणाला, "दाजी, तुमी घाबरू नका. नियम म्हंजे नियम!" त्या 'दाजी'ने अंगात असं बळ आलं की विचारू नका. मी सगळ्यांना मागे सारलं आणि चेंडू त्याच्यापुढे टाकला. आमचा गोलकीपर तेव्हा गोल सोडून माझ्या आईबापाचा उद्धार करायला इकडे आलेला. विकासने ते पाहिलं आणि टप्पा पडताच अशी लाथ हाणली की चेंडू साऱ्यांच्या डोक्यावरून, कोणालाही न शिवता, थेट आमच्या रिकाम्या गोलात!

आता मुरबाडकर नाचू लागले. सासरेबुवांनी फेटा उडवला. आणि मला नेमका पुढचा नियम आठवला. (गोव्याचा चहा!)

"हा पण गोल नाही," मी पुटपुटलो. "असा टाकलेला चेंडू दोन खेळाडूंना लागल्याशिवाय गोलात गेला तर गोल धरत नाहीत."

नाच थांबला. मग विकास म्हणाला, "ए, कोन रे तू?" दाजीचा 'तू' व्हायला एक वाक्य पुरलं!

सामना शून्य-शून्य सुटला. मग बोकड कोणाचा? चौघा पंचांनी एकमताने निकाल दिला : पंचांचा. (पाचव्याला रस्सादेखील मिळाला नाही.)

संध्याकाळी ओटीवर दोन्हीकडची माणसं तोंडं फिरवून बसली. सुपारी ताटात तशीच. शेवटी सासरे उठले.

"सकाळपासून बगतोय," ते म्हणाले, "या पोराचं काका ऐकत नाय, बाप ऐकत नाय, गाव ऐकत नाय."

मी मान खाली घातली. संपलं!

"याचं घरात कोनीच ऐकत नाय, मंग आमच्या पोरीलाच का ऐकायला लागंल? राज्य करंल ती! फोडा सुपारी!"

त्या दिवशी दिलेल्या निर्णयांपैकी पुढे शंभर टक्के बरोबर ठरला, तो सासऱ्यांचा तेवढा एकच.