फक्कीची रेघ

समोरच्या मैदानात पोरं कबड्डीसाठी फक्कीची रेघ मारतात. वाद झाला की कुणीतरी ती पायाने पुसतो, वीतभर अलीकडे ओढतो आणि खेळ पुढे चालू होतो.

लढाई संपल्यावर, तहात ठरल्याप्रमाणे, आम्ही जिंकलेली टेकडी परत केली. दोन्हीकडचे अधिकारी नकाशा पसरून चहा घेत होते आणि मी, हवालदार, नव्या सरहद्दीवरच्या दगडांना चुना लावत होतो. माझा सोबती शंकर त्याच टेकडीवर पडला होता. ती जागा पलीकडे गेली.

सुट्टीत त्याच्या घरी गेलो. भाकरी वाढताना त्याच्या आईने विचारलं, "टेकडी आपल्याकडंच हाय न्हवं?"

"हो, आई."

"मग वाया न्हाई गेला माझा शंकर."

ती दरवर्षी विचारायची, मी दरवर्षी तेच सांगायचो. टेकडी तिकडे आहे, हे आज लिहितोय. ती माउली आता नाही.

काल मैदानात पुन्हा भांडण जुंपलं. "आजोबा, तुम्ही बघत होता ना? खरी रेघ कुठं होती?"

मी काठी टेकत गेलो आणि बरोबर जागा दाखवली. तोवर पोरं चपला शोधत होती.

"राहू द्या, आजोबा," एकजण म्हणाला, "डाव संपला."