निळी पानं

तिला सगळे बेडूकताई म्हणायचे. खरं नाव होतं, पण ते दाराच्या पाटीवर आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर तेवढं उरलं होतं. तिच्या पहिल्याच चित्रपुस्तकात उडी मारायला घाबरणारा एक जाडजूड बेडूक होता. मुलांना तो इतका आवडला, की पुढे तिने खंड्या काढला, पाणकोंबडी काढली, गोगलगायीचं आख्खं कुटुंब काढलं, तरी लोकांच्या तोंडी बेडूकच राहिला. तिला त्याचं वाईट वाटत नसे. "पहिल्यांदा झुरळ काढलं असतं तर काय झालं असतं, विचार करा," असं ती म्हणायची.

ती तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायची. इमारतीमागे रस्ता होता आणि रस्त्यापलीकडे ओढा. नकाशात शोधून सापडणार नाही एवढासाच, पण त्याच्या काठाला लव्हाळी होती, दगडांवर शेवाळ होतं, आणि शांत बसलं तर तासाभरात चार-सहा जीव आपणहून भेटायला यायचे. तिची सगळी पुस्तकं त्या ओढ्यातून निघाली. सकाळी घडीचं स्टूल आणि रंगपेटी घेऊन ती काठावर बसायची. पान खुडून कागदाशेजारी धरायची आणि रंग जमेपर्यंत उठायची नाही. पाय बधिर व्हायचे, डास फोडून काढायचे, पण पान पानासारखं झाल्याशिवाय ती घरचा रस्ता धरत नसे.

घरी आली की चित्र दादापुढे जायचं. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर दादा सांगायचा, "आमच्याकडे पसंतीला वेळ लागतो." कापडाच्या गिरणीत रंगखात्यात त्याची उभी हयात गेली होती. नमुन्याचा तुकडा आणि रंगवून आलेलं कापड एकमेकांना जुळतं का, हे बघायचं, हेच त्याचं काम. निवृत्त झाला, पण डोळ्यांची खोड गेली नाही. तो चित्र खिडकीशी न्यायचा, मान तिरकी करायचा आणि म्हणायचा, "धाकटे, या पानाला कावीळ झालीये."

"ऊन पडलंय त्याच्यावर."

"ऊन पडलं असेल. पण पान आजारी आहे."

ती चिडायची, भांडी आपटायची, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप ते पान पुन्हा रंगवायची. तेव्हा दादा चहाचा कप तिच्यासमोर जरा जास्त भरून ठेवायचा. 

मग एका थंडीत दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि दादा गेला.

पहिले काही महिने माणसं आली, बसली, गेली. मधल्या बहिणीची मुलगी दूर दुसऱ्या शहरात होती. ती रविवारी फोन करायची. बाकीचे दिवस सारखेच. कधीकधी दुपारी फोन वाजला तर बेडूकताईला दोनदा खाकरावं लागायचं, कारण सकाळपासून घशातून आवाजच निघालेला नसायचा. भाजी घ्यायला गेली की ती उगाच भाव विचारत राहायची, तेवढंच बोलणं.

ओढ्यावर जाणंही सुटलं. आधी मन होईना म्हणून, मग गुडघा दुखतो म्हणून, आणि मग सवयच मोडली म्हणून. ओढा कुठे पळून जातोय, असं ती स्वतःला समजावायची. शिवाय इतक्या वर्षांचा ओढा तिच्या डोळ्यांत मुक्कामाला होता. लव्हाळं कसं वाकतं, बेडकाच्या पाठीवर डाग कुठे असतात, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने काढून दाखवलं असतं. त्यामुळे ती घरीच, खिडकीजवळच्या टेबलाशी, आठवणीतून चित्रं काढू लागली.

हळूहळू एक गोष्ट तिच्या लक्षात आली. हिरवा रंग पूर्वीसारखा येत नव्हता. कागदावर लावला की मळकट दिसायचा, पिवळट, जुन्या वर्तमानपत्रासारखा. रंगांचा दर्जा घसरला असणार, तिने ठरवून टाकलं. दुकानदाराशी हुज्जत घातली, कंपनी बदलली. तरी तेच. मग ती हिरव्यात थेंबभर निळा मिसळू लागली. पान जरा ताजं दिसलं. पुढच्या पुस्तकात दोन थेंब. त्याच्या पुढच्या वेळी थेंब मोजायचं सोडूनच दिलं. डोक्यातल्या पानाशी कागदावरचं पान जुळेपर्यंत निळा घालत राहायचा. निळ्याची ट्यूब सगळ्यांच्या आधी संपायची.

पुस्तकं छापून येत राहिली. प्रकाशनातली तरुण संपादिका फोनवर म्हणायची, "ताई, काय निळाई आहे हो यात!" बेडूकताईला वाटायचं, आजकालच्या मुली असंच बोलतात. एकदा एका मासिकात कुणीतरी लिहिलं, की भावाच्या जाण्यानंतर या चित्रांमध्ये एक निळी उदासी झिरपली आहे. ते वाचून ती बुचकळ्यात पडली. उदासी होती, हे खरं होतं. पण ती निळी आहे, हे त्या माणसाला कोणी सांगितलं?

शेवटी चहाने तिला जागं केलं. ओतलेला चहा कपाऐवजी बशीशेजारी टेबलावर पडला, आणि तोही एकदा नव्हे. ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरांनी बॅटरीचा झोत पाडला, यंत्रातून पाहिलं आणि म्हणाले, "दोन्ही मोतीबिंदू चांगले पिकलेत. इतकी वर्षं काय करत होता?"

"चित्रं काढत होते."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. एका डोळ्याचं ऑपरेशन आधी आणि दुसऱ्याचं नंतर करायचं ठरलं. बाहेर नर्सने तारीख दिली आणि विचारलं, "सोबत कोण येणार?"

"मी एकटीच येईन. जवळच राहते."

"तसं चालत नाही, ताई. घरचं कुणीतरी लागतं."

घरचं कुणीतरी. ऑपरेशनची तिला भीती वाटली नव्हती. या दोन शब्दांनी मात्र ती जिन्यात दोनदा थांबली. भाचीला फोन केला, पण तिचं मूल तान्हं होतं. "मावशी, थोडं पुढे नाही का ढकलता येणार?" भाचीने विचारलं. "अगं, असू दे. बघते मी काहीतरी," म्हणून तिने विषय बदलला.

दोन दिवस विचार करून ती तळमजल्यावरच्या लाँड्रीत गेली. लाँड्रीवाला तिला कित्येक वर्षं ओळखत होता, म्हणजे तिच्या चादरी ओळखत होता. बोलणं मात्र कधी "गुरुवारी मिळेल"च्या पुढे गेलं नव्हतं.

"एक काम होतं," ती म्हणाली.

"चादर मिळाली नाही का?"

"चादर मिळाली. माणूस हवाय." आणि तिने सगळं सांगितलं.

त्याने इस्त्री उभी केली. "किती वेळ लागेल?"

"अर्धा दिवस तरी जाईल."

"दुकान बंद ठेवावं लागेल." त्याने कपड्यांच्या ढिगाकडे पाहिलं. "ठेवतो."

त्या दिवशी तो स्वच्छ, कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि बाहेरच्या बाकड्यावर बसल्या बसल्या तोंड उघडं टाकून झोपला. ऑपरेशननंतर नर्स म्हणाली, "मिस्टर झोपलेत तुमचे. उठवू का?"

"झोपू द्या. आणि ते मिस्टर नाहीत, लाँड्रीवाले आहेत."

नर्सने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे, आणि जास्त चौकशी न करता ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढून बेडूकताई घरी आली आणि दारातच थबकली. खोलीच्या भिंती पांढऱ्या होत्या. इतके दिवस ती त्यांना बदामी समजत होती. आरशात पाहिलं तर केसही पांढरे, आणि सुरकुत्या अशा स्पष्ट, की जणू कुणी शाईने काढल्या आहेत. "बाई गं, हे सगळं कधी झालं?" ती आरशातल्या बाईला म्हणाली. तिला हसूही आलं.

मग तिची नजर पुस्तकांच्या फळीकडे गेली. तिने सगळ्यात नवं पुस्तक काढून उघडलं.

पानं निळी होती. हिरव्यात निळी झाक नव्हे, निळीच. लव्हाळी निळी, शेवाळ निळं. बेडूक तर शाईच्या दौतीत बुडवून काढल्यासारखा. तिने नव्या डोळ्यावर हात धरला आणि जुन्या डोळ्याने पाहिलं: पान हिरवं. हात बदलला: पान निळं. कितीतरी वेळ ती हात बदलत राहिली. मग एकेक करून मागची पुस्तकं काढली. जसजशी ती मागे गेली तसतसा निळा उतरत गेला, आणि दादा असतानाचं शेवटचं पुस्तक उघडलं, तर त्यात पानं पानांसारखी होती.

ती खाली जमिनीवर बसली, भोवती पुस्तकं उघडी टाकून. डोळे अधू झाले याचं तिला फारसं दुःख झालं नाही. वय झालं की होतात. पण इतकी वर्षं या घरात असं एकही माणूस आलं नव्हतं, ज्याने टेबलाशी उभं राहून म्हणावं, अगं, हे निळं काय काढून ठेवलंयस? एवढं साधं वाक्य, पण ते बोलायला घरात माणूस लागतं.

ती प्रकाशनाच्या ऑफिसात गेली. संपादिकेसमोर पुस्तक ठेवून तिने विचारलं, "तुम्हाला हे दिसत होतं?"

"म्हणजे काय, ताई! तीच तर तुमची ओळख झालीये."

"मला दिसत नव्हतं."

संपादिकेला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "आम्हाला वाटलं, तुम्ही मुद्दाम करताय."

"मुद्दाम कोण निळं पान काढेल?"

"दादा गेल्यावर सुरू झालं ना ते. आम्ही ऑफिसात बोललो होतो त्यावर. मग वाटलं, विचारलं तर तुम्हाला लागेल. म्हणून नाही विचारलं."

बेडूकताईला रागवायचं होतं, त्यासाठी ती बस पकडून आली होती. पण समोरची मुलगी रडवेली झाली होती, आणि चांगुलपणाने गप्प बसलेल्या माणसांवर कसं रागवायचं, ते तिला ठाऊक नव्हतं. ती पाणी प्यायली आणि परत आली.

घरी आल्यावर तिने आपल्या प्रतीतलं एक पान दुरुस्त करून बघितलं. पिवळा कालवला, निळ्यावर लावला. पण छापील कागद गुळगुळीत. रंग धरेना. त्याचे थेंब थेंब होऊन मधोमध गोळा झाले. तिने ते बोळ्याने टिपून घेतलं आणि पुस्तक वाळायला उभं ठेवलं.

नवीन पुस्तक अर्धं झालं होतं, पाणकोंबडीच्या हट्टी पिल्लाचं. ते कागद घेऊन ती कितीतरी वर्षांनी ओढ्यावर गेली. एका काठाला आता सिमेंटची भिंत आली होती आणि तिथे लोक कुत्री फिरवत होते. दुसरा काठ अजून जागेवर होता. ती दगडावर बसली, लव्हाळ्याचं एक पातं खुडलं आणि कागदाशेजारी धरलं. दोघांचं एकमेकांशी काही म्हणजे काहीच नातं नव्हतं. ती मोठ्याने हसली. कुत्रा फिरवणारा एक गृहस्थ चालता चालता थांबला आणि मग घाईने पुढे गेला. पातं शेजारी धरलं असतं तर चूक त्याच दिवशी सापडली असती, मोतीबिंदूसकट. माणूस नव्हतं घरात, कबूल. पण ओढा तर होता, रस्त्यापलीकडेच. आपणच फिरकलो नाही.

तिने ते पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा काढायला घेतलं. मध्ये दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. लाँड्रीवाल्याने त्या वेळी वेळ किती लागेल ते विचारलंच नाही, नुसतं शटर ओढलं. संपादिका मात्र चित्रं पाहून जरा घुटमळली. "सुंदर आहेत, ताई. पण लोकांना आता निळ्याची सवय झालीये हो."

"मोडेल," बेडूकताई म्हणाली.

पुस्तक आलं. फार गाजलं नाही, पडलंही नाही. एका वाचनालयात ते मुलांना वाचून दाखवायला तिला बोलावलं. वाचून झाल्यावर पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. तिच्या मांडीवर जुनं पुस्तकही होतं. "यातली पानं निळी का आणि यातली हिरवी का?"

मोठ्यांना सांगायला बेडूकताईने दोन-तीन उत्तरं तयार ठेवली होती. ती या मुलीच्या उपयोगाची नव्हती. "हे पुस्तक काढलं तेव्हा मला नीट दिसत नव्हतं," ती म्हणाली.

"मग तुम्ही कुणाला विचारलं का नाही?"

खोलीतली मोठी माणसं अवघडली. बेडूकताईने थोडा विचार केला. "विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "चुकलंच माझं."

मुलीला ते पटलं. "मला निळं जास्त आवडतं," तिने सांगून टाकलं आणि खाली बसली.

त्यानंतर चित्र पाठवण्याआधी ती ते खाली लाँड्रीत घेऊन जाऊ लागली. इस्त्रीची वाफ लागू नये म्हणून दारातच उभी राहायची.

"हा रंग कसा वाटतो, भाऊ?"

"हिरवा."

"हिरवा, पण कसला हिरवा?"

"ताई, हिरवा म्हणजे हिरवा. आता त्यात आणखी काय?"

त्याच्याशी भांडता येत नसे, चिडून भांडी आपटता येत नसत. तो बघायचा, सांगायचा आणि पुढचा शर्ट ओढायचा. दुकानात बसायला जागा नव्हती आणि वर चहाला बोलावण्याएवढी ओळख दोघांनीही वाढवली नाही. ती "बरं" म्हणायची, चित्र काखेत धरायची आणि कठडा धरून तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायची. दार उघडलं की आत खोल्या शांत असायच्या. मग ती खिडकी उघडायची, ग्लासातल्या पाण्यात ठेवलेलं लव्हाळ्याचं पातं सुकलंय का ते बघायची, आणि सुकलं असेल तर नवं आणायला पुन्हा पायांत चप्पल घालायची.