देव परत मिळणेबाबत

आमच्या कंपनीची सुट्टी गुरुवारी असायची, कारण त्या भागात गुरुवारी लाईटच नसायची. जग रविवारी मोकळं आणि आम्ही गुरुवारी. आठवड्याचं धुणं, रॉकेलची रांग, गावाकडं पत्र, सगळं त्या एका दिवसात कोंबायचं. म्हणून आक्का म्हणाल्या, "पोरी, एक गुरुवार मला देशील का," तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं आधी बादलीत भिजलेले कपडे आले. लाज वाटली. ज्या बाईमुळं मी जिवंत होते तिला मी मनातल्या मनात नाही म्हणत होते.

आक्का म्हणजे कारेगावातल्या आमच्या घरमालकीण. आम्ही वाशीमकडचे. नवऱ्याला इकडच्या कंपनीत काम लागलं, मागोमाग मलाही पॅकिंगला घेतलं. पहिल्याच वर्षी मला कावीळ झाली. इथं ना आई, ना सासू. आक्कांनी मला खोलीतून उचलून स्वतःच्या पडवीत आणून निजवलं आणि महिनाभर उसाचा रस आणि ज्वारीची कण्हेरी पाजली. ती ओळख नसताना केलेली सेवा. मी सारखी घाबरायचे, हे कधी फिटणार? आणि त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. आता मागितलं ते हे.

आक्कांच्या सासरी आधी मेंढरं होती. कॅनॉलला पाणी आलं, मेंढरं गेली, कांदा आणि ऊस आला. पण देव तेच राहिले. त्यांच्यात देवांचे टाक असतात, म्हणजे देवाचा आकार ठोकलेले तळहाताएवढेसुद्धा नसलेले पत्रे. रोज धुऊन, भंडारा लावून ते झिजतात. नाकडोळे दिसेनासे झाले की सोनाराकडून नवे घडवायचे आणि जुने घोडनदीत सोडायचे. तशी रीतच आहे. पण आक्कांचे जुने टाक नदीत गेले नव्हते. शहरातून एक प्रोफेसर तिथल्या संग्रहालयासाठी जुन्या वस्तू गोळा करत आले होते आणि धाकट्या दिरांनी ते टाक त्यांना देऊन टाकले, असं आक्कांचं म्हणणं. दीर नाही म्हणायचे. दोन्ही घरांचं बोलणं तेव्हापासून बंद.

"घरात न्हाई, नदीत न्हाई, देव मधीच अडाकलाय," आक्का म्हणायच्या. "जाऊन मागून आणायचा आन् सोडायचा. तू वाचतीस, म्हणून तू चल."

मी सातवी. तीही कशीबशी. पण त्यांच्या लेखी मी वाचणारी होते.

गुरुवारी साडेसातला आम्ही फाट्यावर उभ्या राहिलो. नवऱ्याची आदल्या दिवशी सेकंड शिफ्ट, तो झोपलेला. पहिली गाडी भरून होती, थांबलीच नाही. दुसरी थोडी पुढं जाऊन थांबली, आम्ही पळालो, तोवर निघाली. आक्का नऊवारीचा काष्टा सावरत मागं येताना म्हणाल्या, "माणूस दिसत न्हाई व्हय रं तुला?" गाडी पार गेली होती. शेवटी जीपमध्ये शिक्रापूरपर्यंत. एकावर एक बसलो. माझ्या मांडीवर कुणाचं तरी पोर, आक्कांच्या मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी, वांग्याचं भरीत आणि कांद्याची पात. नैवेद्य.

शिक्रापूरहून दुसरी गाडी वाघोलीला, तिथून शहर बस. उतरायचं कुठं ते मी कंडक्टरला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "ताई, सांगतो म्हणलं ना, माझ्यावर भरवसा ठेवा." ठेवला, आणि तो विसरला. दोन स्टॉप पुढं उतरून आम्ही उलट चालत आलो. रस्ता ओलांडायला मला दहा मिनिटं लागली. आक्का निघायच्या, मी त्यांचा दंड धरून मागं ओढायचे.

"अगं म्हशी आडव्या आल्यागत काय करतीस? चल की."

"आक्का, इथं गाड्या थांबत नाहीत हो."

"आपल्याकडं तरी कुठं थांबल्या?"

संग्रहालयाच्या दारात पोचायला दुपारचा एक वाजला. तिकीट काढून आत शिरणार, तर आक्कांनी चपला काढून पायरीखाली ठेवल्या. खाकीतला शिपाई म्हणाला, "आजी, चपला घाला, इथं काढत नाहीत."

"देवाच्या दारात चपला घालू?"

"हे देऊळ नाही."

"मग देव कशाला ठेवलेत?"

त्यानं चपला तिथंच राहू दिल्या. फडकं मात्र त्यानं बाहेर ठेवायला लावलं. खायचं आत न्यायचं नाही. आक्का ते टेबलावर ठेवताना मला म्हणाल्या, "इथं देवाला उपाशी ठेवत्यात का काय?" मी हसले नाही. इथून सहाच्या आत निघालो नाही तर परत कसं जायचं, हाच एक विचार डोक्यात चालू होता.

आत दारं, दिवे, अडकित्ते, वाद्यं. मी काहीच पाहिलं नाही. आजही कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. आम्ही टाक शोधत होतो. ते एका कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात सापडले, निळ्या कापडावर ओळीनं टाचलेले. आक्का कपाटापुढं थबकल्या, कमरेची पिशवी सोडली, आणि मी हात धरायच्या आत मूठभर भंडारा काचेवर उधळला.

"येळकोट येळकोट!"

शिपाई पळत आला. मागून आलेली कॉलेजची पोरं हसायला लागली. काच पिवळी झाली, खालची फरशी पिवळी झाली. शिपाई माझ्यावर ओरडला, आक्कांवर नाही. "तुम्ही शिकलेल्या दिसता, तुम्हाला कळत नाही?" मी पदरानं काच पुसायला लागले. जेवढं पुसावं तेवढं पसरत होतं. डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं, आक्कांच्या, शिपायाच्या की माझ्या, मला सांगता येत नाही.

आक्का मात्र काचेला नाक लावून बघत होत्या. "ह्यात आपला न्हाई," त्या म्हणाल्या. "आपल्या खंडोबाच्या टाकावर घोड्याचा पाय पडला व्हता, मेंढरं कोकणात नेतानी. कड चेमटलीय. ह्यातला एकबी चेमटलेला न्हाई."

म्हणजे साडेपाच तास, तीन गाड्या, आणि देव तिथं नाहीच. मला तिथंच खाली बसावंसं वाटलं. शिपायालाही आता दया आली असावी. तो म्हणाला, "सगळं मांडत नाहीत, बरंच गोदामात असतं. ऑफिसात विचारा."

ऑफिसातला क्लार्क डबा खात होता. आम्ही बाकावर बसून राहिलो. मग त्यानं ऐकून घेतलं, शांतपणे, हे सांगायला हवं. तिथं कुणीच वाईट वागलं नाही. कुणी वाईट वागलं असतं तर मला तरी बरं वाटलं असतं.

"अर्ज लागेल," तो म्हणाला आणि एक कोरा कागद सरकवला. "साहेब सोमवारी असतात. आधी विषय लिहा."

"विषय काय लिहू?"

"तुम्हाला काय पाहिजे?"

"आमचा देव," आक्का म्हणाल्या.

"मग लिहा, देव परत मिळणेबाबत," तो म्हणाला, जराही न हसता.

मी लिहिलं. कंपनीत रोज खोक्यांवर आकडे लिहीत होते, पण अक्षरं लिहून वर्षं झाली होती. तोवर क्लार्कनं कपाटातून जाड रजिस्टर काढलं, पानं उलटत राहिला आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. "टाक सहा, पितळी, कारेगाव. एकाची कड दबलेली. हे असावेत. देणाऱ्याची सही आहे बघा, स्वखुशीने भेट. नाव जुळतंय का?" आणि त्यानं रजिस्टर माझ्याकडं फिरवलं.

नाव मी ओळखलं. आक्कांच्या घरच्या हंड्यावर, परातीवर, घागरीवर तेच नाव कोरलेलं होतं. मी महिनाभर त्या घरात निजून ते वाचलं होतं. दिरांचं नव्हतं. आक्कांच्या मालकांचं होतं. आबांचं. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती.

"भावजींचंच हाय ना?" आक्कांनी विचारलं.

हो म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. कोण बघायला येणार होतं? क्लार्क दुसऱ्या पानावर गेला होता. मी त्यांचं अन्न खाल्लं होतं. खोटं बोलणं हीच माझी परतफेड असेल का, हेही मनात येऊन गेलं. पण मला वाचायला म्हणूनच तर आणलं होतं.

"नाही आक्का. आबांचं आहे."

त्या रजिस्टरवर वाकल्या. मग म्हणाल्या, "सही का आंगठा?"

"सही. पहिलं अक्षर मोठं, वरची रेघ वाकडी."

"म्हंजी त्यांचीच. सरळ रेघ कवा जमलीच न्हाई त्यांना." आणि मग, हळू, "मला सांगितलं न्हाई."

त्यांनी टेबलावरून माझा अर्ज उचलला. क्लार्क म्हणाला, "अहो ठेवा की, साहेब बघतील. परत नाही मिळाले तरी दाखवतील तरी."

"न्हाई," आक्का म्हणाल्या. "मालकांनी सवताच्या हातानं दिलंय. त्यांच्या मागं मी मागायला आले तर त्यांच्या हाताची काय किंमत ऱ्हायली?"

"आक्का, अहो देव नदीत सोडायचाय ना? त्याच्यासाठी तर आलो!" माझा आवाज चढला. त्या घरात मी त्यांच्यापुढं कधी आवाज चढवला नव्हता.

"गप," त्या म्हणाल्या, आणि कागदाच्या घड्या घालून कमरेला खोचला.

परत वाघोलीच्या बससाठी आम्ही तास-सव्वा तास उभ्या होतो. एक आली, भरलेली. दुसरी आली, तिच्यावरची पाटी वाचेपर्यंत गेली. मी पाय आपटत होते. आख्खा गुरुवार गेला, कपडे बादलीतच, सकाळी फर्स्ट शिफ्ट, आणि हातात काहीच नाही. असला तो देव आणि असलं ते मालकांचं मोठेपण! हे मी मनात बोलत होते, आणि मग परत कावीळ आठवून गप्प होत होते.

बऱ्याच वेळानं आक्का माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "पोरी, तू सातवीच ना? वाचताना चुकली तर न्हाईस?"

त्यांनी मला सुटायची वाट दिली होती, आणि स्वतःलाही. मला ते तेव्हाच कळलं.

"नाही आक्का," मी म्हटलं. "बरोबर वाचलं."

बस आली. त्या पुढच्या दारानं चढल्या, मी मागच्या.