पप्पांच्या नावावरचा वारा

आधीच कबूल करते, हे सगळं मी सुरू केलं. जळगावात मेहरूणमधल्या आमच्या घरात पवनऊर्जा मी आणली. सत्कार कुणी केला नाही, पण आणली.

झालं असं की मम्मी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करून विकते. ज्वारी भिजवायची, घरच्या चक्कीवर भरडायची, मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा आणि गच्चीवर ओल्या कापडावर थापायचा. पप्पा गेले त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून घर बिबड्यांवरच चाललंय. तर पुण्याच्या एका दुकानवाल्या ताईंना हे बिबडे फार आवडले. दर महिन्याला माल घेऊ म्हणाल्या. अट एकच. त्यांच्या दुकानातला सगळा माल हरित विजेवर बनलेला असतो, तर तुमची चक्की कशावर चालते?

मी म्हटलं, लाईटवर.

"ते झालं. पण लाईट कशावर?"

जळगावच्या उन्हात खडखडीत वाळलेल्या बिबड्याला अजून किती हरित करायचं, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही. मी लगेच मोबाईल काढून शोधायला बसले, आणि वीज कंपनीची योजना सापडली पण. आपण अर्ज करायचा आणि युनिटमागे थोडे जास्त पैसे द्यायचे. मग कंपनी म्हणते, तुम्ही वापराल तेवढी वीज आम्ही पवनचक्क्या आणि सोलरवाल्यांकडून घेऊ. वर एक प्रमाणपत्र देते. घरात नवीन वायर वगैरे काही येत नाही. त्याच खांबावरून तीच वीज येते, आणि जोराचा वारा सुटला की तशीच जाते.

मी हे मम्मीला उड्या मारत सांगितलं.

"म्हणजे वीज तीच?"

"हो."

"आणि पैसे जास्त?"

"थोडेसेच गं."

"मिळतं काय मग?"

"कागद."

"हां, मग खरी योजना दिसतेय," मम्मी म्हणाली आणि गच्चीवर गेली. वारा सुटला होता आणि बिबडे शेजाऱ्यांच्या टाकीवर चालले होते. वाऱ्याबद्दल तिचं मत तसंही चांगलं नाही.

मीटर पप्पांच्या नावावर आहे. त्यांचा मोबाईल अजून फ्रिजवर चार्जिंगला असतो, म्हणून ओटीपी तिथेच आला. मी टाकला. काही दिवसांनी प्रमाणपत्र आलं, हिरव्या पानाफुलांची किनार असलेलं. त्यात पप्पांचं पूर्ण नाव, आणि पर्यावरणासाठी टाकलेल्या पावलाबद्दल त्यांचं अभिनंदन. या माणसाने हयातीत बाथरूमचा दिवा एकदाही बंद केला नव्हता.

मी ते पुण्याला पाठवलं. ताई म्हणाल्या, छान आहे, पण धंदा तर आईंच्या नावावर आहे ना, मग प्रमाणपत्र पण त्यांच्याच नावावर लागेल.

गेलो मग वीज कंपनीच्या ऑफिसात. खिडकीतल्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, आधी मीटरवरचं नाव बदला. मृत्यूचा दाखला जोडा. जागा अजून आजोबांच्या नावावर आहे, म्हणजे मोठ्या काकांची संमती आणा. सोपं आहे, म्हणाले. त्यांच्यासाठी होतंच.

परत येताना रिक्षात मम्मी एवढंच बोलली, "रेशनकार्डावरून कमी केलं. बँकेतून केलं. मीटरवर तेवढे राहिले होते."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दर महिन्याला पप्पांच्या मोबाईलवर बिलाचा मेसेज येतो, प्रिय ग्राहक आणि पुढे त्यांचं नाव. मम्मी चष्मा लावून तो वाचते. मला वाटायचं आकडा बघत असेल. आता एक तर पुण्याची ऑर्डर घ्यायची, नाही तर ते नाव ठेवायचं. आणि हे मी करून ठेवलं होतं, अतिशय उत्साहाने.

मोठे काका, म्हणजे नाना, धुळ्याच्या पुढे साक्रीकडे राहतात. गावामागच्या टेकडीवर ओळीने पवनचक्क्या आहेत. आम्ही पोचलो तेव्हा त्या मजेत फिरत होत्या आणि नानांच्या ओसरीवरचा पंखा बंद होता.

आमच्याकडे अजून एक सोय आहे. भावजय जेठाशी, म्हणजे मोठ्या दिराशी, बोलत नाही. डोक्यावर पदर घेऊन बसते आणि मधे कुणीतरी निरोप पोचवतं. मम्मी आणि नाना चार हातांवर बसलेले, आणि मधे मी.

"इचार तुन्या मायले, चहा लेस का?"

"मम्मी, चहा घेशील?"

"हो सांग."

"हो म्हणतेय."

चहा झाल्यावर मी योजना समजावली. नानांनी शांतपणे ऐकून घेतली.

"या चक्क्या रोज मना डोक्यावर फिरतस. मना पंखा बंद शे. आनि वारा जयगावले?"

"तसा थेट नाही येत नाना. हिशोबात येतो."

"हां. म्हनजे वारा कागदमा शे," नाना म्हणाले. "गावना बठ्ठा वावरमा कागद लाई देऊत मंग. पानी भेटी जाई."

मग मी फॉर्म पुढे केला. नानांनी तो दूर धरून वाचला, एकदा नाही, दोनदा. पेन उघडलं आणि खाली ठेवलं.

"मना भाऊनं नाव काढानं शे?"

मी नुसती मान हलवली. एरवी माझं तोंड बंद होत नाही.

"सही मी करस," नाना म्हणाले. "पन तुन्या मायले इचार, तिनं मन शे का?"

मी मम्मीकडे वळले. निरोप तोंडात तयारच होता.

"नाना, माझं मन नाही," मम्मी म्हणाली.

थेट. लग्न होऊन आल्यापासून चोवीस वर्षांत पहिल्यांदा. नाना भिंतीकडे बघायला लागले. काकू आतून दारात येऊन उभी राहिली.

"त्यांचं मीटर त्यांच्याच नावावर राहू द्या," मम्मी म्हणाली. "चक्कीला मी दुसरं मीटर घेते. माझ्या नावावर. वारा त्याच्यावर घेऊ. जागेसाठी तुमची संमती लागेल."

इतकं साधं. सगळी साईट वाचून काढणाऱ्या मला हे सुचलं नव्हतं.

नव्या मीटरच्या संमतीचा फॉर्म मोबाईलवर उघडेना. टेकडीभर पवनचक्क्या, पण नेटवर्कची एक काडी नाही. शेवटी नानांनी नातवाच्या वहीतलं पान फाडलं आणि स्वतः लिहायला बसले, साहेबांना चालेल का नाही देव जाणे. संमती देतो की, इथपर्यंत आले आणि थांबले.

"पुरं नाव काय लिखू बाई तुनं?" हे त्यांनी मला नाही, मम्मीला विचारलं.

मम्मीने स्वतःचं नाव सांगितलं. मग थांबली. मधे नवऱ्याचं नाव येतं, आणि ते ती घेत नाही. फॉर्मवर नेहमी मीच भरते. मी सांगायला तोंड उघडलं तर तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

मग तिने पप्पांचं नाव घेतलं. त्यानंतर आडनाव.

नाना सावकाश लिहीत राहिले.